सातव्या मजल्यावरच्या बाळाकडे कोण येणार?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पेपरला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. रोज सकाळी तुमचा वाचकांच्या पत्रांचा कॉलम वाचतो, रस्ते पाणी कचरा यावर लोक लिहितात ते पटतं पण, पण मी आज ज्या विषयावर लिहितोय, म्हणजे शहरात नवजात बाळ तपासायला पहिल्या आठवड्यात घरी कोणी येत नाही, त्यावर कोणी लिहिलेलं मला तरी दिसलं नाही. पत्र मोठं झालंय, जागा नसेल तर कापा, फक्त लंगोटांचा भाग कापू नका एवढी विनंती.

जानेवारीत आम्हाला मुलगी झाली. पहिलीच. पुण्यात एका प्रायव्हेट हॉस्पिटलमधे, सिझर झालं, जन्माचं वजन ३ किलो १०० ग्रॅम, सगळं व्यवस्थित. चौथ्या दिवशी डिस्चार्ज मिळाला तेव्हा वजन २ किलो ८५० होतं, पहिल्या दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतंच असं सिस्टरनी सांगितलं आणि ते खरंच आहे, साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत ते परत जन्माच्या वजनावर यायला पाहिजे. पण हे मला आत्ता माहितीय, तेव्हा नव्हतं. बीसीजी, पोलिओचे थेंब आणि कावीळ ब ची लस देऊन झाली होती. कार्डावर लिहिलेलं की दहाव्या दिवशी टाके दाखवायला या आणि दीड महिन्यानी पुढच्या लसींना या. बस. बिल भरलं, रिक्षा नको म्हणून कॅब केली, सातव्या मजल्यावर आलो, दारात आईनी भाकर तुकडा ओवाळून टाकला आणि दार लागलं.

त्या दारातून पुढच्या चार दिवसांत जवळजवळ तीस माणसं आत आली. झबली, टोपडी, दुपटी, चांदीचे वाळे, सगळं आलं. बाळाला उघडं करून नीट बघणारं माणूस मात्र एकच आलं, अंघोळ घालायला येणाऱ्या मावशी. त्यांच्याबद्दल मला वाईट काही बोलायचं नाहीये. पाय लांब करून, त्यावर एवढासा जीव पालथा घेऊन, एका हातानी मान धरून दुसऱ्या हातानी पाणी घालायच्या, ती कला आहे आणि आमच्या चौघांपैकी एकालाही ती येत नव्हती. पाचव्या दिवशी त्याच म्हणाल्या, पोरगी पिवळी दिसतीय, कोवळं ऊन दाखवा. मग काय, पाचव्या आणि सहाव्या दिवशी सकाळी आठ वाजता मी बाल्कनीत तिला मांडीवर घेऊन अर्धा अर्धा तास बसलो, आणि मनात हेच की चला आपण काहीतरी उपाय करतोय. वाढलेली कावीळ कोवळ्या उन्हानी उतरत नाही, त्यासाठी रक्त तपासून गरज असेल तर हॉस्पिटलच्या निळ्या लाईटखालीच ठेवावं लागतं, हे नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

घरात दोन आज्या होत्या. सासूबाई बार्शीहून आल्या होत्या, अळीवाची खीर, डिंकाचे लाडू, शेपू, जेवणानंतर ओवा बाळंतशोपा सगळं वेळच्या वेळी. पण दोघींनीही सांगितलं की कोवळं बाळ हातात घेऊन आता पंचवीस तीस वर्षं झाली, काय काय बघायचं ते आठवत नाही. आणि बाळ तर इतकं शांत! रात्री उठायची नाही, रडायची नाही, पाजायला घेतलं की दोन घोट घेऊन झोपायची. येणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, किती गुणाची आहे हो, आमच्यानी तर रात्र रात्र जागवलं. आम्हाला पण भारी वाटायचं. बायको एकटी म्हणत होती की अरे ही उठतच नाहीये नीट, ओढतच नाहीये. तिच्या निपलला चिरा पडल्या होत्या, पाजताना डोळ्यातून पाणी यायचं, त्यात पाचव्या दिवशी दुपारी ती नुसतीच रडायला लागली, कारण विचारलं तर सांगता येईना. रडू नको दूध आटेल, हे तिला त्या दिवशी तीन जणांनी सांगितलं. मीही गप्प बसलो, याचं मला आजही वाईट वाटतं. बाळंतपणानंतर पहिल्या दोन आठवड्यांत असं रडू येणं खूप जणींना होतं, त्याला जवळ बसणारं माणूस आणि झोप लागते. दोन आठवड्यांच्या पुढे गेलं, किंवा स्वतःला नाहीतर बाळाला काही करावंसं वाटायला लागलं, तर मात्र लगेच डॉक्टर गाठायचा. १४४१६ हा टेली मानस चा, मनाच्या त्रासासाठीचा सरकारी फुकट नंबर आहे, २०२२ पासून चालू आहे, तो निदान माहिती असावा म्हणून इथे लिहितोय.

तर सहाव्या दिवशी संध्याकाळी माझ्या चुलत बहिणीचा फोन आला. ती लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या एका खेड्यात असते, शिक्षण बारावी, तिचं बाळंतपण आमच्या दोन महिने आधी सरकारी ग्रामीण रुग्णालयात झालेलं. अभिनंदन वगैरे झालं, बाळ कोणावर गेलंय वगैरे झालं आणि मग तिनी विचारलं, "दादा, दिवसातून किती लंगोट ओले व्हायलेत लेकराचे?"

मला उत्तर देता आलं नाही. आम्ही डायपर लावत होतो. गिफ्ट आलेले दोन मोठे पुडे होते, सकाळ दुपार रात्र बदलायचो, त्यातला जेल सगळं शोषून घेतो, आत कितीदा शू झालीय ते कोण मोजणार. ती म्हणाली, "पाचव्या दिवसानंतर सहा तरी व्हायलाच पाहिजेत, नसतील होत तर दूध पोटात जाईना गेलंय म्हणून समजा. आमच्या आशाताईनी सांगितलंय. आणि लेकरू पिवळं आहे का? तळपाय बघा." आशाताई म्हणजे सरकारी आरोग्य योजनेतली, घरोघरी जाणारी गावातलीच कार्यकर्ती.

त्या रात्री डायपर काढला. सासूबाईंनी जुन्या मऊ लुगड्याचे लंगोट फाडून आणलेच होते, ते बांधले आणि रात्री आठ ते सकाळी आठ आम्ही दोघं मोजत बसलो. बारा तासांत एक. एकच लंगोट, तोही पूर्ण ओला नाही, आणि त्यावर विटकरी रंगाचा डाग. बायकोला वाटलं रक्त आहे. रक्त नव्हतं, अंगात पाणी कमी पडलं की लघवीतले क्षार तसे उतरतात, पण हे कळेपर्यंत आमच्या पायाखालची जमीन सरकली होती.

सकाळी दुसऱ्या एका बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी आधी सगळे कपडे काढून काट्यावर ठेवली. २ किलो ६८०. म्हणजे जन्माच्या वजनातून चारशे वीस ग्रॅम कमी, शंभरात तेरा चौदा. मग त्यांनी तिच्या तळपायावर अंगठा दाबून सोडला, दाबलेली जागा गुलाबी पांढरी दिसायला हवी ती हळदीसारखी दिसली. तो तळपाय माझ्या अंगठ्यापेक्षा थोडाच मोठा होता. ते दृश्य माझ्या डोळ्यासमोरून जात नाही. बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं काविळीचं प्रमाण, १९ च्या वर आलं. लगेच ॲडमिट. दोन दिवस ती निळ्या लाईटखाली, डोळ्यावर काळी पट्टी, अंगावर फक्त लंगोट, आणि दर दोन तासांनी पाजायचं, अंगावर ओढता आलं नाही तर दूध काढून बोंडल्यानी. तिथल्या एका सिस्टरनी बायकोजवळ वीस मिनिटं बसून पाजायचं कसं ते दाखवलं. नुसतं टोक तोंडात देऊन चालत नाही, भोवतीचा काळा भाग आत गेला पाहिजे, बाळाचं तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी टेकलेली, पोटाला पोट लागलेलं. दूध बायकोला पहिल्यापासून भरपूर होतं. बाळाला ते घेता येत नव्हतं एवढंच. त्या वीस मिनिटांनंतर गिळल्याचा आवाज यायला लागला, तो आवाज आम्ही सात दिवसांत पहिल्यांदा ऐकला.

मुलगी आज ठणठणीत आहे, तीन महिन्यांची, साडेपाच किलो. पण अजून दोन दिवस आम्ही तिच्या शांतपणाचं कौतुक करत बसलो असतो तर काय झालं असतं हे मी डॉक्टरांना विचारलं आणि त्यांनी जे सांगितलं ते इथे लिहायची माझी हिंमत नाही. एवढंच लिहितो की कावीळ फार वाढली तर ती मेंदूत जाते आणि मग ते नुकसान भरून येत नाही.

आता माझा मुद्दा. माझ्या बारावी शिकलेल्या बहिणीला जे माहीत होतं ते पुण्यात राहणाऱ्या, हातात स्मार्टफोन असणाऱ्या, दोन पगार असणाऱ्या आम्हाला माहीत नव्हतं. का? कारण तिच्या घरी कोणीतरी आलं होतं आणि आमच्या घरी कोणी आलं नाही. तिच्याकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा वेळा आल्या. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीची धरून सात भेटी असतात. काटा घेऊन येतात, बाळाला झोळीत घालून वजन करतात, काखेत थर्मामीटर लावतात, मिनिटाला श्वास किती ते घड्याळ लावून मोजतात, नाळ बघतात, पाजताना बसून बघतात. आणि आईला विचारतात की दिवसातून किती वेळा पोटभर जेवलीस, पॅड किती बदलावे लागतात, ताप आला का. आईला विचारतात! आमच्याकडे तीस माणसं येऊन गेली, बायकोला जेवलीस का हे विचारणारं त्यात मला कोणी आठवत नाही, सगळे बाळाला बघायला आलेले. बारशाला बहीण आली तेव्हा तिचं माता बाल कार्ड बघितलं मी, त्यावर आशाताईंच्या अक्षरात सहा तारखा आणि सहा वजनं, निळ्या पेननी. आमच्या फाईलमधे डिस्चार्ज आणि दहाव्या दिवसाच्या मधे काहीच नव्हतं.

आणि ही पद्धत काही परदेशातून आलेली नाही, आपल्या महाराष्ट्रातून निघालेली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च संस्थेनी ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं, घरी जाऊन नवजात बाळ तपासायला, ऊब द्यायला, श्वास मोजायला, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन द्यायला. हजारी ६२ नवजात बाळं दगावायची ती तिसऱ्या वर्षी २५ वर आली. हे १९९९ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, जगभर वाचलं गेलं, आणि २०११ पासून आपल्या देशात आशाताईंमार्फत घरी जाऊन नवजात बाळाची काळजी ही योजना सुरू झाली. म्हणजे गडचिरोलीच्या जंगलात जे सिद्ध झालं ते औशाच्या खेड्यात पोचलं, आणि पुण्यातल्या सातव्या मजल्यावर पोचलं नाही.

लोक म्हणतील शहरात हॉस्पिटल आहेत की, दहा मिनिटांवर डॉक्टर. आहेत, पण डॉक्टरकडे कधी जायचं हे कळायला आधी कोणीतरी सांगावं लागतं ना. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशात शंभरातली ८८ च्या वर बाळंतपणं दवाखान्यात झाली पण जन्मल्यावर तासाभरात छातीशी लावलेली बाळं शंभरात ४२ सुद्धा नाहीत. दवाखान्यात जन्मलं म्हणजे सगळं झालं असं नाही हे या आकड्यांवरून दिसतंच. नवजात बाळांचे जे मृत्यू होतात त्यातले पाऊण पहिल्या आठवड्यात होतात, आणि त्याच आठवड्यात आपण आईला आणि बाळाला घरी सोडून देतो.

माझा कॉलेजचा मित्र नेदरलँडमधे आइंडहोवनला असतो, त्याच्याकडे मागच्या वर्षी मुलगा झाला. तिथे बाळंतपणानंतर आठवडाभर शिकलेली बाई रोज काही तास घरी येते, क्रामझोर्ग म्हणतात त्याला, बाळाचं वजन ताप बघते, पाजायला शिकवते, आईला झोपायला लावते आणि आलेल्या पाहुण्यांचं पण बघते. त्याची आई व्हिसा न मिळाल्यामुळे जाऊ शकली नव्हती, तरी त्यांचं निभावलं. आपल्याकडे आज्या असतात, मावशी असतात, सव्वा महिना बाळंतिणीनी बाजेवरून उतरायचं नाही ही रीत आहे, आणि माझ्या मते ती रीत चांगलीच आहे. आपला सव्वा महिना आणि आशाताईंची बेचाळिसाव्या दिवसाची शेवटची भेट, जवळजवळ एकच हिशोब आहे बघा. पण आजीची माया आणि काटा थर्मामीटर हे दोन्ही लागतं, एकानी दुसऱ्याची जागा भरत नाही.

बापाच्या सुट्टीबद्दल दोन ओळी. आईला २०१७ पासून २६ आठवडे रजा आहे, चांगली गोष्ट. केंद्र सरकारच्या नोकरीत बापाला १५ दिवस आहेत. खासगी कंपनीतल्या बापाला कायद्यानी एकही नाही, मला कंपनीनी पाच दिवस दिले त्यातला एक रविवार. आठव्या दिवशी मुलगी लाईटखाली असताना मी बिनपगारी टाकून तिथे बसलो. यावर वेगळं पत्र लिहीन.

माझं म्हणणं साधं आहे. शहरात जन्मलेल्या प्रत्येक बाळाच्या घरी पहिल्या आठवड्यात एकदा तरी शिकलेली नर्स किंवा आशाताई आली पाहिजे, मग ते बाळ चाळीत असो, वस्तीत असो की टॉवरमधे, सरकारी हॉस्पिटलात जन्मलेलं असो की प्रायव्हेट. हे अवघड आहे असं कोणी सांगू नये, कारण जन्माची नोंद करायचा कायदा १९६९ चा आहे, ती २१ दिवसांच्या आत करायची असते, हॉस्पिटल आपल्याकडचा प्रत्येक जन्म महापालिकेला कळवतंच, त्यात आईबापाचा पत्ता असतो. ती माहिती डिस्चार्जच्याच दिवशी कळवली तर कोणत्या सोसायटीत कोणत्या मजल्यावर चार दिवसांचं बाळ आहे हे महापालिकेला कळेल, मग त्या पत्त्यावर माणूस का जाऊ नये? आणि प्रायव्हेट हॉस्पिटलवाल्यांना विनंती, डिलिव्हरीच्या पॅकेजमधे फोटोशूट आणि फुग्यांची सजावट असते, आमच्याकडे पण होती, त्या पैशात पाचव्या सहाव्या दिवशी एक सिस्टर घरी पाठवा. काटा घेऊन.

शहरात आशाताई अजिबात नाहीत असं नाही, आहेत, पण त्यांचं काम जास्त करून वस्त्यांमधे. आणि त्या सोसायटीत आल्या तर आपण काय करतो तेही सांगतो. पोलिओच्या रविवारनंतर दोन ताई राहिलेल्या मुलांना थेंब द्यायला घरोघरी येतात ना, आमच्या गेटवर वॉचमननी त्यांना वीस मिनिटं उन्हात उभं केलेलं मी स्वतः बघितलंय, कारण कोणी ॲपवर परवानगी देईना, सगळ्यांना वाटलं काहीतरी विकायला आल्यात. मी पण तेव्हा दुसरीकडे बघून गाडी काढली होती. ही योजना आली तेव्हा सगळ्या भेटी मिळून २५० रुपये मोबदला ठरला होता, आणि तोही बाळाचं वजन, लसी, जन्मनोंद सगळं पूर्ण झाल्यावर आणि बेचाळीस दिवस आई बाळ सुखरूप असतील तर. एका भेटीचे बेचाळीस रुपये सुद्धा होत नाहीत. माझ्या मुलीचा डोळा, मेंदू, हातपाय, जे काही वाचलं ते त्या भेटींमधल्या एका वाक्यामुळे वाचलं, तेही परस्पर, दुसऱ्याच्या घरी बोललेल्या. या बायकांना नियमित पगार मिळाला पाहिजे, त्या आझाद मैदानात बसतात तेव्हा ती बातमी आपण पान उलटून पुढे जातो, मी तरी यापुढे जाणार नाही.

आणि संपादक साहेब, तुम्हाला एक विनंती. तुमच्या पेपरात आरोग्याची पुरवणी असते त्यात एकदा मोठ्या अक्षरात चौकट छापा, लोकांनी कापून फ्रिजवर लावावी अशी. पाचव्या दिवसानंतर दिवसरात्र मिळून सहापेक्षा कमी लंगोट ओले, बाळ पाजायला उठतच नाही किंवा ओढत नाही, अंगाला ताप म्हणजे काखेत ९९.५ च्या वर किंवा उलट अंग गार पडलेलं, मिनिटाला साठ किंवा जास्त श्वास, श्वास घेताना छाती आत ओढली जातेय, पिवळेपणा तळहात तळपायापर्यंत किंवा जन्मल्यावर पहिल्या चोवीस तासांतच पिवळं, नाळेतून पू, झटके. यातलं एक जरी दिसलं तरी उद्या बघू म्हणायचं नाही, लगेच निघायचं. गाडी नसेल तर १०८ ला फोन, आणि सरकारी दवाखान्यात नवजात बाळाचे उपचार आणि न्यायची आणायची गाडी फुकट आहे हे पण लिहा, २०११ पासूनची योजना आहे ती, पुष्कळांना माहीत नसते. आणि तेवढंच ठळक लिहा की पहिले पंधरा दिवस बाळाला डायपरऐवजी लंगोट बांधा, निदान दिवसा, म्हणजे मोजता येतं. डायपर वाईट म्हणून नाही, मोजता यावं म्हणून.

बहिणीच्या गावच्या त्या आशाताईंना मी अजून भेटलेलो नाही. मे महिन्यात मुलीला घेऊन गावाकडे जाणार आहोत तेव्हा त्यांच्या घरी जायचं ठरलंय, बायकोनी साडी आत्ताच घेऊन ठेवलीय.

आपला,
तीन महिन्यांच्या मुलीचा बाप,
पुणे